उतरवाल कशावर? इंदूरच्या १०१ किलोच्या भोपळ्याचं प्रकरण

गेल्या वर्षी मामांच्या भोपळ्याचं वजन होतं ४६ किलो, आणि त्याने त्यांच्या उजव्या हाताची अनामिका चिरडली. यंदाचा भोपळा १०१ किलोचा निघाला. तो दोनदा उचलला गेला, लोडिंग रिक्षातून दोन किलोमीटर गेला, दत्तमंदिराच्या ओट्यावर उतरला आणि कोणाला साधं खरचटलंही नाही. दोन्ही वेळी मी तिथे होतो. पीथमपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात माझी एकवीस वर्षं गेली. जड वस्तू उचलणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून गेल्या वर्षीची चूक मला अजून लागते. एवढा मोठा भोपळा वाढवला कसा, असं मामांना विचारणारे पुष्कळ भेटतात. तो जागेवरून हलवला कसा, हे कोणी विचारत नाही. ते इथे लिहितो.

आधी गेल्या वर्षीचं

मामांचं घर राजेंद्र नगरात. मागच्या अंगणात माळव्याची काळी माती, अंगणातून घराच्या बाजूने फाटकापर्यंत साडेतीन फुटांचा बोळ, बोळात कोटा स्टोनची फरशी, आणि अंगण व बोळ यांच्यात एक पायरी. ही पायरी लक्षात ठेवा.

आम्ही चौघांनी जाड चादर अंथरली, भोपळा कलता करून तिच्यात घेतला आणि एकेक कोपरा धरून उचलला. ४६ भागिले चार, म्हणजे माणशी साडेअकरा किलो. एवढं वजन भाजीच्या पिशव्यांतून आपण रोज आणतो. तीन पावलं ठीक गेली. चौथ्या पावलाला माझ्या समोरच्याचा पाय ओल्या मातीत सरकला, त्याचा कोपरा खाली गेला आणि भोपळा चादरीतून त्या बाजूला घरंगळला. मामा कोपरा धरणाऱ्यांत नव्हते, पुढे वाट दाखवत होते. त्यांनी झटकन खाली वाकून भोपळ्याखाली हात घातला. पायरीची कड आणि भोपळ्याचं बूड यांच्यात बोट सापडलं. बोटाच्या टोकाचं हाड मोडलं होतं. भोपळाही वाचला नाही, बुडाशी वीतभर चीर गेली.

घरात पुढे कितीतरी दिवस चर्चा चालली ती पाय सरकण्याची. मला ते खरं कारण वाटत नाही. काळ्या मातीत पाय सरकणारच. दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या होत्या.

पहिली गोष्ट, चौघांनी धरलं की वजनाचे चार सारखे भाग होतात हे फक्त कागदावर. एक कोपरा ढिला पडला की सगळा भार समोरासमोरच्या दोघांवर जातो, आणि चादरीतली गोल वस्तू त्याच क्षणी उताराकडे धावते. त्यात भोपळ्याला पकड नाही. देठ दिसायला कडीसारखा, पण तो उचलायचा अवयव नव्हे. तो मोडला तर तिथून फळ सडायला लागतं. बाकी सगळी गुळगुळीत साल. अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी संस्था आहे. १९९१ साली सुधारलेल्या तिच्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असताना हाताने उचलायच्या वजनासाठी २३ किलो हा आकडा धरला आहे. अनुकूल म्हणजे वस्तू अंगाला लागून, साधारण मुठीच्या उंचीवर, पकड पक्की, कमरेत वळायचं नाही. जमिनीवर पडलेला, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारा भोपळा यातली एकही अट पुरी करत नाही.

दुसरी गोष्ट मामांचा हात. तो हात कुठल्याही नियोजनात नव्हता. तीन महिने ज्याला पाणी घातलं, उन्हापासून जपलं, ते आपल्या डोळ्यांदेखत पडतंय हे पाहून तो गेला. आपलं लेकरू धडपडलं तर आपणही असाच हात पुढे करतो. म्हणून "काळजी घ्या" असं सांगून तो थांबणार नव्हता. पडत्या भोपळ्याचं काय करायचं हे आधी, शांतपणी, सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं होतं. ते आम्ही ठरवलं नव्हतं.

यंदाचा भोपळा

बी 'डिल्स अटलांटिक जायंट' या वाणाचं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसरला हॉवर्ड डिल नावाचे शेतकरी होते, त्यांनी हा वाण तयार केला. जगातले विक्रमी भोपळे याच कुळातले. २०२३ साली कॅलिफोर्नियात तोललेला भोपळा १,२४७ किलोचा होता. २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या जुळ्या भावांनी १,२७८ किलोंच्या वर मजल नेली. तिकडे भोपळ्याच्या पोकळीपर्यंत चीर गेली असेल तर तो स्पर्धेतून बाद होतो. त्यामुळे उचलण्याचं तंत्र त्यांनी वाढवण्याइतकंच घोटून घेतलंय, आणि आम्ही जे केलं त्याचं मूळ तिथेच आहे.

मामांनी ऑगस्टमध्ये बी लावलं, नवरात्रात स्वतःच्या हाताने परागीभवन केलं आणि फळ लिंबाएवढं असतानाच त्याच्याखाली वाळूचा थर दिला, म्हणजे वाढताना बूड घासणार नाही. रोज सकाळी टेपने घेर मोजायचा आणि कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने लिहायचा. नोव्हेंबरच्या शेवटी आकडा २२० सेंटिमीटरवर थांबला.

वजनाचा अंदाज तीन मापांवरून बांधतात. पहिलं माप आडव्या घेराचं, दुसरं एका बाजूच्या जमिनीपासून वरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत, तिसरं तसंच देठाच्या बाजूने समोरपर्यंत. तिघांची बेरीज करून ती तक्त्यात पाहायची. आमची बेरीज ५३० सेंटिमीटर आली आणि अंदाज निघाला १०० किलोंच्या आसपास. वाहून नेणाऱ्याला हा अंदाज आधी हवा. साधनं त्यावर ठरतात.

मामींचा प्रश्न

मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला कॉलनीतल्या मंदिराच्या महाप्रसादात हा भोपळा द्यायचा, हे मामांनी बोललेलंच होतं. मी वहीत आकृत्या काढत होतो, घोडी (जड वस्तू टांगून उचलायची तीन पायांची तिवई) कुठे उभी करायची, पट्टे कसे बांधायचे. मामी चहा घेऊन आल्या, वहीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उचलाल रे, पण उतरवाल कशावर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारखान्यात मी नव्या मुलांना हेच सांगत आलोय की वस्तू हुकाला लावायच्या आधी ती टेकणार कुठे ते बघून या, आणि घरच्या कामात तेच विसरलो होतो. वही मिटली. मामा, मामी आणि मी टेप घेऊन मंदिरात गेलो. मंदिरासमोर नुकत्याच बसवलेल्या टाइल्स, वर मांडवाचे बांबू. तिथे घोडीचे पाय रोवता येणार नाहीत, आणि मांडवाच्या बांबूला शंभर किलो लटकवायचे हा विचारही करायचा नाही. बाजूला स्वयंपाकाचा ओटा, उंची २२ इंच. लोडिंग रिक्षाचा हौदा मोजला, तो २७ इंच. म्हणजे रिक्षा ओट्याला लावली तर फक्त पाच इंचांचा उतार, पाच फुटांच्या फळीवरून. भोपळा उचलायचाच नाही, सरकवायचा.

तिथून सगळं नियोजन उलटं सुरू झालं. सरकवायचा तर तो एका सपाट पाट्यावर बसलेला हवा. पाट्यावर बसलेला हवा तर अंगणातच, पहिल्यांदा उचलतानाच, तो पाट्यावर घ्यायला हवा. पाट्याखाली चाकं हवीत, म्हणजे बोळातून जाईल, पण चाकं निघणारी हवीत, म्हणजे फळीवर धावणार नाहीत. अंगणातली पायरी आधी विटा आणि फळीने बुजवायची. मामींनी एक प्रश्न विचारला आणि अर्ध्या आकृत्या खोडाव्या लागल्या.

घोडी, कडं आणि सिमेंटची पोती

इंदुरात बोरिंगची मोटर काढणाऱ्यांकडे तीन पायांची घोडी आणि चेन कुप्पी, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायची कप्पी, असतेच. शेकडो फूट खोल बोरमधून पाइपासकट मोटर वर ओढणाऱ्या माणसाला जड वस्तूचा अदमास आपल्यापेक्षा जास्त. आमच्या भागातले उस्ताद आले, भोपळ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "भिया, मोटर गिरे तो मोटर का नुकसान. ये गिरा तो फट के निकलेगा." त्यांना धोका लगेच कळला.

पट्ट्यांसाठी मामांनी जुन्या खाटेची नवार काढून ठेवली होती. ती मी वापरू दिली नाही. सुती नवार वर्षानुवर्षं माळ्यावर पडली की आतून कुजते आणि बाहेरून तशीच दिसते. सियागंजातून पॉलिस्टरचे पट्टे आणले. माल उचलायच्या या पट्ट्यांना रंगाची खूण असते, जांभळा १ टनाचा, हिरवा २ टनांचा, पिवळा ३ टनांचा. आम्हाला जांभळाही भरपूर होता.

बांधणी अशी. जाड मऊ दोराचा एक फास भोपळ्याच्या सगळ्यात रुंद भागाच्या खाली, जिथून साल आत वळायला लागते तिथे बसवायचा. त्याला समान अंतरावर आठ उभे पट्टे. वरून ओढ बसली की फास खालच्या निमुळत्या भागावर आवळतो आणि भोपळा त्यात बसल्यासारखा उचलला जातो. आठही पट्टे थेट एका हुकात गोळा केले तर ते भोपळ्याच्या खांद्यांवर दाबतात. म्हणून मध्ये १६ मिलिमीटर सळईचं दोन फूट व्यासाचं कडं घातलं, लोहा मंडीत वळवून जोडून घेतलेलं. पट्टे कड्याला, आणि कडं तीन पट्ट्यांनी हुकाला. हे तीन पट्टे लांब ठेवले. पट्टा आडव्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत झुकला की त्यावरचा ताण सरळ उभ्या पट्ट्याच्या दुप्पट होतो. हुक जरा वर ठेवला तर हा ताण टळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता कड्याचा जोड. जोडणारा कारागीर चांगला होता, पण डोळ्यांना दिसणाऱ्या जोडावर मी विश्वास ठेवत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी अंगणात रिकाम्या जागी घोडी उभी केली आणि त्याच कड्याला, त्याच पट्ट्यांनी सिमेंटची तीन पोती टांगली. १५० किलो, म्हणजे अंदाजे वजनाच्या दीडपट. दहा मिनिटं लटकत ठेवायची.

कड्याला काही झालं नाही. पट्टे हूं की चूं करत नव्हते. सहाव्या-सातव्या मिनिटाला मामींचं लक्ष पोत्यांच्या खालच्या सावलीकडे गेलं. सावली भिंतीकडे सरकत होती, आणि वारा नव्हता. मी खाली बसून पाहिलं. घोडीचा मागचा पाय मातीत उतरत होता. वर कोरडी, भेगाळलेली पापडी, तिच्याखाली भोपळ्याला दोन महिने घातलेलं पाणी. लोखंडी पाइप त्या पापडीतून चार बोटं आत गेला होता आणि त्याच्याभोवती ओल्या मातीची गोल किनार वर आली होती. घोडी तिकडे कलली होती. दहा मिनिटं वाट पाहिली नसती तर हे दुसऱ्या दिवशी, भोपळा हुकाला असताना कळलं असतं.

पोती उतरवली. तिन्ही पायांखाली दीड फुटाच्या सागवानी फळ्यांचे तुकडे घातले आणि पाय बाहेर फाकू नयेत म्हणून तळाशी साखळीने तिघांना एकमेकांत बांधलं. पुन्हा तीच पोती, पुन्हा दहा मिनिटं. या वेळी सावली जागची हलली नाही.

एक शब्द

सकाळी सहा जण जमलो. काम सुरू करायच्या आधी मी तीन गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येकाकडून त्या परत म्हणवून घेतल्या. हुकुम एकाचाच चालेल, उस्तादांचा. भोपळ्याखाली कोणाचा हात नाही, पाय नाही, क्षणभरही नाही. आणि कोणालाही काहीही गडबड वाटली तर "सोडा" म्हणायचं. तो शब्द ऐकला की सगळ्यांनी हात काढून दोन पावलं मागे. भोपळा पडला तर पडू द्यायचा.

हे शेवटचं मामांना जड गेलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पडला तर बाजारातून भोपळे आणून महाप्रसाद होईल." त्यांच्या तोंडून हे येणं मला गरजेचं वाटत होतं, कारण भोपळा त्यांचा होता.

देठाच्या दोन्ही बाजूंना वीतभर वेल ठेवून वेल कापला. भोपळ्याच्या वेलाला पेरापेरावर मुळं फुटलेली असतात, ती आजूबाजूला सगळी सोडवली, नाहीतर उचलताना एखादं मूळ अडतं आणि भोपळा झुलतो. हुकापासून ओळंबा सोडून तो भोपळ्याच्या मध्यावर येईपर्यंत घोडी सरकवली. उस्तादांनी साखळी ओढायला सुरुवात केली. फास आवळताना सालीवरून कोरडा, कर्र असा आवाज येतो. मामांचा चेहरा उतरला, पण तो दोराचा आवाज होता. वाळूपासून दोन इंच वर आल्यावर थांबलो. दोन मिनिटं नुसतं पाहायचं, पट्टे सारखे ताणलेत का, फास वर सरकतोय का, भोपळा फिरतोय का. बूड पाहायचं होतं ते वाकून नाही, काठीला बांधलेल्या आरशात. वाळूचे दाणे चिकटलेला फिकट पिवळा भाग, कुठे मऊ नाही, कुठे ओल नाही. हुकाच्या आणि कड्याच्या मध्ये लटकता काटा लावला होता, त्यावर १०६ आले. कडं आणि पट्टे पाच किलोंचे.

मग भोपळा आणखी वर घेतला आणि पाटा खाली सरकवला तो लांब दांड्याने. पाट्यावर ट्रकची जुनी ट्यूब, अर्धी हवा भरलेली. भोपळा तिच्यात बसला आणि स्थिर झाला. फास आणि पट्टे काढले नाहीत, पुढच्या वेळी पुन्हा खाली घालायची वेळ येऊ नये म्हणून. बोळातला प्रवास सोपा गेला. फाटकाबाहेर घोडी पुन्हा उभी केली. आता पट्टे पाट्यासकट घेतले, भोपळा तीन फूट वर घेऊन ठेवला आणि रिक्षा उलटी चालवत त्याच्याखाली आणली. लटकतं वजन ढकलून गाडीवर न्यायचं नाही, गाडी वजनाखाली आणायची. हौद्यात पूर्ण टेकवण्याआधी पाट्याची चाकं काढली तीही हौद्यावर दोन ठोकळे ठेवून, त्यावर पाटा टेकल्यावर. हौद्यात चारी बाजूंनी भुशाची पोती दाबून भरली. वरून दोर आवळला नाही. आवळलेला दोर सालीत रुततो, आणि स्पीडब्रेकरला भोपळा उसळला की तिथेच चीर जाते.

ओट्यावर

मंदिरात रिक्षा ओट्याला लावली, चाकांना पाचर मारली, फळी टाकली. पाट्याच्या मागे दोर बांधून त्याला रिक्षाच्या खांबाभोवती दीड वेढा दिला. घर्षणामुळे एकच माणूस दोराला ढील देत एवढं वजन सावकाश सोडू शकतो. फळीच्या दोन्ही बाजूंना ओट्यालगत भुशाची पोती रचली होती, पडला तर त्यांच्यावर पडावा म्हणून.

पाटा निम्म्यावर आला आणि फळीचं ओट्यावरचं टोक मागे सरकलं. फक्त दोन बोटं, पण तेवढ्याने ते ओट्याच्या गोल कडेवर आलं आणि एका बाजूने बसलं. पाटा डावीकडे कलला. ट्यूबवरचा भोपळा हळूच, अगदी विचार करून वळल्यासारखा त्या बाजूला झुकला. तिथे मामा उभे होते.

"सोडा!" हे मी ओरडलो की उस्ताद ते आता सांगता येत नाही. मामांचा उजवा हात पुढे गेलेला मी पाहिला. तळवा वर, बोटं पसरलेली, गेल्या वर्षीसारखाच. भोपळा आणि हात यांच्यात वीतभर अंतर असेल. आणि तो हात मागे आला. मामा दोन पावलं मागे सरकले आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले. दोर खांबाला वेढ्यात होता, त्यामुळे पाटा खाली धावला नाही. भोपळा भुशाच्या पोत्यांवर रेलला, पोती फुस्स करून दबली, आणि तो थांबला.

कोणी काही बोललं नाही. उस्तादांनी पाट्याच्या खालच्या बाजूला लाकडी पाचर ठोकली, पोती एकेक करून घट्ट केली, फळी हातोडीने परत जागेवर आणली, मग पाटा सरळ झाला. उरलेले अडीच फूट जायला दहा मिनिटं लागली. सालीवर बोटाएवढा ओरखडा होता, तेवढाच.

माझ्या नियोजनातली चूक फळीत होती. तिच्या दोन्ही टोकांना खालून आडवी पट्टी ठोकलेली असती, तर एक पट्टी ओट्याच्या कडेला आणि दुसरी हौद्याच्या कडेला अडली असती आणि फळी सरकलीच नसती. घोडीची परीक्षा दीडपट वजनाने घेतली, आणि फळी मात्र नुसती उंची मोजून मोकळी सोडली. उचलण्याच्या साधनांवर जेवढं लक्ष दिलं त्याच्या निम्मंही उतरवण्याच्या साधनांवर दिलं नव्हतं, मामींनी वेळेवर विचारूनसुद्धा.

फळी घरी आल्यावर त्याच संध्याकाळी मामांनी तिच्या दोन्ही टोकांना पट्ट्या ठोकल्या. त्यांची अनामिका अजून पूर्ण वळत नाही, म्हणून खिळा मी धरला.